जागेची साक्ष

ज्यूडियाच्या वाळवंटातील एका गुहेत ग्रीक भाषेतल्या धर्मग्रंथाचे अनेक तुकडे सापडल्याचे इस्रायलच्या पुरावस्तू प्राधिकरणाने १६ मार्च २०२१ रोजी जाहीर केले. बायबलच्या जुन्या करारात ज्यांना बारा लघु संदेष्टे म्हणतात, त्यांच्यापैकी जखऱ्या आणि नहूम यांच्या ग्रंथांमधला हा मजकूर आहे. चर्मपत्राच्या बारीक तुकड्यांची जुळणी करून अभ्यासकांनी अकरा ओळी वाचल्या. जखऱ्याच्या एका ओळीत तर इतर कोणत्याही ज्ञात हिब्रू किंवा ग्रीक प्रतीत नसलेला पाठभेद मिळाला. या वाळवंटात रीतसर उत्खननातून बायबलच्या हस्तलिखिताचे तुकडे मिळण्याची गेल्या सुमारे साठ वर्षांतली ही पहिलीच वेळ होती. जगभरच्या वृत्तपत्रांनी बातमी दिली आणि चर्चा झाली ती या तुकड्यांवर काय लिहिले आहे याची. ते कुठे आणि कशाच्या सोबतीने सापडले, हा भाग मागे पडला. माझे म्हणणे असे की या शोधाची खरी कमाई त्या मागे पडलेल्या भागात आहे. प्राचीन हस्तलिखित दोन प्रकारची साक्ष देते, एक अक्षरांची आणि दुसरी जागेची. जागेची साक्ष एकदा पुसली गेली की कितीही पैसा आणि विद्वत्ता ओतली तरी ती परत मिळत नाही. म्हणून सापडल्याच्या जागेची नोंद नसलेली हस्तलिखिते विकत घेण्याची, त्यांना अस्सलपणाचा दाखला देण्याची आणि ती गाजावाजा करून प्रसिद्ध करण्याची प्रथा थांबायला हवी, आणि तो पैसा चोरांच्या आधी गुहांपर्यंत पोहोचण्यासाठी खर्च व्हायला हवा.

आधी ती जागा पाहू. एन गेदीच्या दक्षिणेला हेवेर नावाची खोल घळ मृत समुद्राकडे उतरते. तिच्या दक्षिण कड्यावर, माथ्यापासून सुमारे ८० मीटर खाली ही गुहा आहे. दोर बांधून कड्यावरून उतरल्याशिवाय तिथे जाता येत नाही. इ. स. १३२ मध्ये बार कोख्बाच्या नेतृत्वाखाली ज्यूंनी रोमन सत्तेविरुद्ध उठाव केला. सम्राट हेड्रियनच्या सैन्याने तो चार वर्षांच्या आत मोडून काढला आणि शेवटच्या काळात अनेक कुटुंबे या कड्यांमधल्या गुहांत लपली. रोमनांनी गुहेच्या वर, कड्याच्या माथ्यावर छावणी टाकून वाट रोखली. त्या छावणीच्या दगडी भिंतींचे अवशेष आजही दिसतात. पुरातत्त्वज्ञ योहानन अहारोनी यांनी १९६१ मध्ये इथे उत्खनन केले, तेव्हा आत सुमारे ४० माणसांचे सांगाडे मिळाले. त्यांत बायका होत्या, लहान मुले होती. काही मृतांची नावे खापराच्या तुकड्यांवर लिहून ठेवलेली होती. ही माणसे वेढ्यात भुकेने आणि तहानेने मेली असावीत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. या सांगाड्यांवरूनच तिला ‘भयाची गुहा’ हे नाव पडले. ग्रीक ग्रंथाची गुंडाळी या माणसांनी घर सोडताना बरोबर घेतली होती. हे एक वाक्य खात्रीने लिहिता येते, कारण तुकडे याच गुहेच्या मातीतून, याच माणसांच्या अवशेषांसोबत निघाले आहेत.

ही खात्री मिळायला किती वेळ लागला, ते या गुंडाळीच्याच इतिहासात दिसते. तिचे पहिले तुकडे १९५२ मध्ये वाळवंटात राहणाऱ्या बेदुईनांनी विकायला आणले आणि जेरुसलेममधल्या, तेव्हा जॉर्डनच्या ताब्यातील, संग्रहालयासाठी ते घेतले गेले. डोमिनिक बार्थेलेमी या फ्रेंच विद्वानाने १९५३ मध्ये त्यांवर लेख लिहिला, पण तुकडे नेमक्या कोणत्या गुहेतले हे त्याला सांगता येत नव्हते. बेदुईनांनी आणलेल्या या सगळ्या मालाला सेयाल या आणखी दक्षिणेकडच्या घळीचे नाव चिकटले होते. ती माहिती चुकीची होती. खरी जागा युद्धबंदी रेषेच्या पलीकडे, इस्रायलच्या हद्दीत होती आणि माल जॉर्डनच्या बाजूला विकला जात होता, त्यामुळे जागा लपवण्यात विकणाऱ्यांचे हित होते. अहारोनींच्या १९६१ च्या उत्खननात त्याच गुंडाळीचे बारीक तुकडे जमिनीतून मिळाले, तेव्हा कुठे विकत घेतलेल्या मोठ्या तुकड्यांचे मूळ ठिकाण पक्के झाले. इमॅन्युएल तोव्ह यांनी १९९० मध्ये या गुंडाळीची संपूर्ण अभ्यासप्रत प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकात हेवेरचे नाव आहे आणि शेजारी ‘सेयाल संग्रह’ हे चुकीचे लेबलही तसेच राहून गेले आहे. मोठे, वाचनीय तुकडे बाजारातून आले होते. त्यांना इतिहासातली जागा मिळवून दिली ती उत्खननातल्या किरकोळ तुकड्यांनी.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मजकूर हा मजकूरच, तो कुठल्याही गुहेतून आला तरी त्याचा अर्थ बदलत नाही, असे अनेक ग्रंथअभ्यासक म्हणतात. बार्थेलेमीचेच उदाहरण त्यांच्या बाजूने देता येते. जागा ठाऊक नसतानाही त्याने या तुकड्यांवरून मोठा निष्कर्ष काढला. हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात होऊ लागले. हेच भाषांतर पुढे ख्रिस्ती लोकांनी आपले मानले, तेव्हा ज्यूंनी त्यापासून वेगळे होण्यासाठी नवी, हिब्रूशी जवळीक साधणारी ग्रीक भाषांतरे केली, अशी समजूत रूढ होती. ही गुंडाळी मात्र इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराची ठरते आणि तिच्यात जुने ग्रीक भाषांतर हिब्रू मुळाशी ताडून सुधारलेले दिसते. म्हणजे ही सुधारणा ख्रिस्ती धर्माच्या आधीच, पॅलेस्टाइनमधल्या ज्यू विद्वानांनी आपल्या गरजेतून सुरू केली होती. हा निष्कर्ष मजकुरातून आणि अक्षरवळणातून निघाला हे खरेच आहे. त्यामुळे जागेविना हस्तलिखित निरुपयोगी होते, असे मी म्हणणार नाही.

पण मजकूर जिथे थांबतो तिथून पुढे काय कळते ते पाहावे. ही गुंडाळी लिहिली गेली आणि उठाव झाला, यांत सुमारे दीड शतकाचा काळ आहे. इतकी वर्षे ती कुणीतरी जपली, वापरली आणि जीव वाचवायला निघताना सोबत घेतली. रोमविरुद्ध शस्त्र उचलणारे ज्यू हिब्रूचे कट्टर अभिमानी असणार आणि ग्रीक ही साम्राज्याशी जुळवून घेणाऱ्यांची भाषा, अशी सोपी विभागणी आपण सहज करतो. उठावातल्या नाण्यांवर तर मुद्दाम पुरातन हिब्रू लिपी वापरलेली आहे. तरीही या वेढ्यातल्या कुटुंबांपाशी संदेष्ट्यांचे ग्रंथ ग्रीकमध्ये होते आणि त्या ग्रीक मजकुरात ईश्वराचे नाव तेवढे त्याच पुरातन हिब्रू लिपीत लिहिलेले होते. घळीच्या समोरच्या बाजूला पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांनी १९६० आणि १९६१ मध्ये खोदलेल्या गुहेत बाबाथा नावाच्या ज्यू स्त्रीची ३५ कागदपत्रे मिळाली आणि त्यांतली बरीच ग्रीक आहेत. तिथेच उठाववाल्यांच्या पत्रव्यवहारात सणासाठी झावळ्या आणि महाळुंगासारखी फळे पाठवायला सांगणारे एक पत्रही ग्रीकमध्ये आहे. या सगळ्या वस्तू नोंद असलेल्या जागेतून आल्या म्हणूनच एकमेकींना दुजोरा देतात. त्यातून एका समाजाचे चित्र उभे राहते, ज्याला धर्म आपला वाटत होता आणि ग्रीकही परकी वाटत नव्हती. हे चित्र नुसत्या मजकुरातून उभे राहिले नसते, कारण चर्मपत्रावर वाचणाऱ्यांची नावे नसतात.

मजकूर पुरेसा आहे असे मानण्यात दुसरा धोका फसवणुकीचा आहे आणि तो आता प्रत्यक्ष सिद्ध झाला आहे. २००२ नंतर मृत समुद्राच्या हस्तलिखितांचे म्हणून सत्तरच्या आसपास तुकडे खासगी बाजारात आले. वॉशिंग्टनमधल्या बायबल संग्रहालयाने त्यांतले १६ मिळवले. काही तुकड्यांवर विद्वानांनी अभ्यासग्रंथही काढला. २०१८ मध्ये पाच तुकड्यांबद्दल प्रयोगशाळेचा प्रतिकूल अहवाल आला आणि मार्च २०२० मध्ये स्वतंत्र तपासणीने सोळाच्या सोळा तुकडे बनावट ठरवले. कातडे खरोखर जुने होते, त्यावरची अक्षरे आधुनिक होती. बनावट करणाऱ्याला जुने कातडे मिळते, बायबलचा मजकूर तर छापील उपलब्ध आहे. सापडण्याची जागा मात्र त्याला निर्माण करता येत नाही. पंचनाम्याशिवाय उचललेली वस्तू न्यायालयात जशी दुबळी ठरते, तशीच नोंदीशिवाय उचललेली वस्तू इतिहासात दुबळी राहते. ती खरी असली तरी संशय सुटत नाही आणि खोटी असली तर ते कळेपर्यंत तिच्यावर उभारलेले निष्कर्ष पुस्तकांत शिरलेले असतात. हेवेरच्या गुहेतल्या २०२१ च्या तुकड्यांबद्दल असा प्रश्न कुणी विचारत नाही, यातच सगळे आले.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांमधली पहिली हस्तलिखिते बेदुईन गुराख्यांनी बाहेर काढली. ती विकत घेतली नसती तर ती नष्ट झाली असती किंवा कुणाच्या तिजोरीत गडप झाली असती. मग तेव्हा जे योग्य ठरले ते आज चूक कसे? याचे उत्तर असे की तेव्हाही त्याची किंमत मोजावी लागली. पन्नाशीच्या दशकात जेरुसलेमच्या संग्रहालयाने तुकड्यांचा भाव चौरस सेंटिमीटरवर ठरवला. त्यामागचा हेतू चांगला होता, पण गुहा खोदणे हा त्यामुळे कमाईचा धंदा झाला. कुमरानची चौथी गुहा उत्खनन चालू असलेल्या अवशेषांपासून हाकेच्या अंतरावर होती, तरी १९५२ मध्ये बेदुईन तिथे आधी पोहोचले आणि त्यांनी मोठा भाग उपसल्यावर पुरातत्त्वज्ञ आले. या गुहेतून सुमारे १५,००० तुकडे निघाले. कोणता तुकडा कोणाशेजारी पडला होता, ही बहुतेकांबाबतची माहिती कायमची गेली आणि मग शेकडो ग्रंथांची जुळणी करण्यात अभ्यासकांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. तेव्हा गुहांमध्ये काय आहे हेच कुणाला माहीत नव्हते, म्हणून त्या खरेदीला मी दोष देत नाही. आज ते माहीत आहे, कायदा आहे, तंत्र आहे. आजची खरेदी वस्तू वाचवण्यापेक्षा पुढची चोरी जास्त घडवते. २०१४ मध्ये त्से-एलीम घळीतल्या गुहेत खोदणारी एक टोळी रंगेहाथ पकडली गेली, ती या बाजाराच्या आशेनेच तिथे गेली होती.

चोर काय शोधतो आणि काय फेकून देतो, हेही लक्षात घ्यायला हवे. २०१७ पासून इस्रायली पुरातत्त्वज्ञांनी या वाळवंटातल्या सुमारे ८० किलोमीटर लांबीच्या कड्यांची पद्धतशीर पाहणी हाती घेतली. ड्रोनने गुहा हेरल्या, दोरांवरून माणसे उतरवली आणि आतली माती चाळली. ग्रीक तुकडे हे या मोहिमेचे एक फळ आहे. त्याच भयाच्या गुहेत सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा सांगाडा मिळाला. कोरड्या हवेमुळे त्याची कातडी आणि केस काही प्रमाणात टिकले होते आणि त्याला कापडात गुंडाळून पुरलेले होते. याच वाळवंटातल्या मुराब्बातच्या गुहेत सुमारे १०,५०० वर्षांपूर्वीची विणलेली मोठी टोपली जवळजवळ अखंड मिळाली. मातीची भांडी वापरात येण्याआधीच्या काळातली ही टोपली आहे. २०२३ मध्ये एन गेदीजवळच्या एका गुहेत, आधीच माहीत असलेल्या शिलालेखाची नव्याने छायाचित्रे घ्यायला गेलेल्या पथकाला खडकाच्या फटीत चार रोमन तलवारी दिसल्या. लिखित तुकडा शोधणाऱ्या चोराच्या दृष्टीने मुलाचे कापड हे चिंधी आहे आणि रिकामी टोपली हा अडथळा. त्याच्या एका रात्रीच्या खोदकामात दहा हजार वर्षांचे थर एकमेकांत मिसळून जातात. म्हणून एका तुकड्याची किंमत मोजताना त्याच्यासाठी आणखी काय उद्ध्वस्त झाले, हेही हिशेबात धरावे लागते.

तिसरा आक्षेप राजकीय आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. भयाची गुहा इस्रायलच्या हद्दीत आहे, पण मुराब्बातच्या गुहा १९६७ पासून ताब्यात असलेल्या वेस्ट बँकमध्ये आहेत. व्याप्त प्रदेशात सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी अत्यावश्यक असेल तेवढेच उत्खनन करावे, असे आंतरराष्ट्रीय कायद्याची अलीकडची दिशा सांगते. १९६७ च्या युद्धात जेरुसलेमच्या संग्रहालयातली हस्तलिखितेही इस्रायलच्या ताब्यात गेली. २००९ मध्ये टोरोंटोत त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा पॅलेस्टिनी प्रशासनाने आणि जॉर्डनने त्यांवर हक्क सांगितला. उत्खनन हे सत्तेचे हत्यार होऊ शकते, ही तक्रार म्हणून निराधार नाही. बायबलचे तुकडे मिळाले की त्यांना राष्ट्राच्या मालकीहक्काचा पुरावा म्हणून मिरवले जाते, हेही घडते. परंतु या तक्रारीचे उत्तर बाजार हे नाही. चोरलेल्या तुकड्यावर कुणाचाच हक्क सिद्ध होत नाही, पॅलेस्टिनींचाही नाही. नेमकी गुहा, नेमका थर आणि तारीख यांची उघड नोंद असेल तरच उद्या एखाद्या न्याय्य करारात ‘ही वस्तू या भूमीतली’ असे म्हणता येईल. त्यामुळे माझी अपेक्षा अशी की वेस्ट बँकमधल्या प्रत्येक शोधाची संपूर्ण नोंद पॅलेस्टिनी अभ्यासकांनाही खुली असावी, काम संरक्षणापुरते मर्यादित राहावे आणि मालकीचा प्रश्न वाटाघाटींसाठी मोकळा ठेवावा.

भारतीय वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीला खरोष्ठी लिपीतल्या आणि गांधारी भाषेतल्या भूर्जपत्रांच्या गुंडाळ्या मिळाल्या. मातीच्या भांड्यांत ठेवलेल्या या गुंडाळ्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या असाव्यात आणि त्या आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या बौद्ध हस्तलिखितांत मोडतात. रिचर्ड सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांवर केलेले काम बौद्ध वाङ्मयाचा इतिहास समृद्ध करणारे आहे. पण त्या कोणत्या विहारातून आल्या, भांडी स्तूपात पुरली होती की खोलीत, शेजारी नाणी होती का अस्थी, यांतल्या एकाही प्रश्नाला निश्चित उत्तर नाही. अफगाणिस्तानातल्या हड्डा परिसराकडे बोट दाखवले जाते, तेही अनुमानाने. बुद्धवचने लिहिणाऱ्या भिक्षूंचा विहारच आपल्या हातून निसटला आहे. हेवेरच्या गुंडाळीशी ही तुलना केली की फरक लख्ख दिसतो. दोन्ही जुन्या, दोन्ही पवित्र, दोन्ही तुकड्यांत. एकीच्या शेवटच्या वाचकांची गुहा, वेढा आणि मृत्यू आपल्याला माहीत आहे, दुसरीच्या वाचकांबद्दल भांड्यांवरच्या लेखांपलीकडे फारसे काही नाही.

म्हणून तीन गोष्टी ठामपणे मागायला हव्यात. वस्तू मूळ देशातून कधी व कशी बाहेर पडली याचा विश्वासार्ह पुरावा नसेल तर संग्रहालयांनी ती घेऊ नये. युनेस्कोचा १९७० चा करार त्यासाठी आधाररेषा म्हणून जगभर मानला जातो आणि भारतानेही तो १९७७ मध्ये स्वीकारला आहे. विद्वानांनी अशा वस्तूला पहिली प्रसिद्धी आणि अस्सलपणाचा दाखला देऊ नये, कारण विद्वानाच्या सहीने बाजारात भाव चढतो. आणि सरकारांनी पाहणीचा खर्च शोध लागल्यावर नव्हे, तर आधी करावा. चौथी अपेक्षा वाचकांकडून आहे. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेले हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते आणि तिचा व्यापार परवान्याविना करता येत नाही. कुणी जुनी पोथी, ताम्रपट किंवा मूर्ती स्वस्तात देऊ करत असेल, तर ती कुठून आली हे आधी विचारा. उत्तर मिळाले नाही तर ती घेऊ नका आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. खरेदीदार उरला नाही तर रात्री गुहा खोदायला कुणी जाणार नाही.